लास वेगासच्या स्वीट हॉटेलात राहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून आई-बाबा मुलांकडे अमेरिकेत आले की जूनपासून आणि नाताळच्या सुट्टीच्या आधी हे प्रश्न हमखास येतात. बहुतेक प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. दर आणि शुल्कं सतत बदलतात, त्यामुळे डॉलरचे आकडे अंदाजासाठी घ्या आणि बुकिंगच्या दिवशी हॉटेलच्या साइटवर पडताळून पाहा.

१. वेगासमध्ये 'स्वीट हॉटेल' म्हणजे नक्की काय? साध्या खोलीपेक्षा जास्त काय मिळतं?

हॉटेलागणिक वेगळं मिळतं, आणि घोळ तिथेच होतो. स्वीट कशाला म्हणायचं याचा काही नियम नाही. ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

पहिला व्हेनेशियन आणि पलाझोचा. १९९६ मध्ये पाडलेल्या सँड्स हॉटेलच्या जागी १९९९ साली व्हेनेशियन उभं राहिलं, आणि पहिल्या दिवसापासून त्यात फक्त स्वीटच आहेत. सगळ्यात साधी खोलीसुद्धा साधारण साडेसहाशे चौरस फुटांची. पलंगापलीकडे सोफा, टेबल-खुर्च्या आणि मोठं न्हाणीघर असतं. पण बैठक आणि पलंग यांच्यात दार नाही, आणि स्वयंपाकाची सोयही नाही.

दुसरा व्डारा आणि सिग्नेचर ॲट एमजीएम ग्रँडचा. दोन्हीकडे कॅसिनो नाही, धूम्रपानाला बंदी आहे, आणि बहुतेक स्वीटमध्ये छोटं किचन आहे.

तिसरा इलारासारख्या टाइमशेअर इमारतींचा, म्हणजे जिथे वर्षातले ठरावीक दिवस राहण्याचा हक्क विकतात अशा इमारतींचा. इथे खऱ्या अर्थाने वेगळी बेडरूम, बैठकीची खोली आणि पूर्ण किचन असलेले फ्लॅट मिळतात. एकापासून चार बेडरूमपर्यंत.

चौथा रिओचा. १९९० साली 'सगळे स्वीटच' म्हणून उघडलेलं हे हॉटेल प्रत्यक्षात एकच मोठी ऐसपैस खोली देतं. वाईट मुळीच नाही, फक्त भिंतीची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

म्हणून फोटो बघून भुलू नका. तीन गोष्टी तपासा: मधे दार आहे का, शेगडी आहे का, आणि खाली कॅसिनो आहे का.

२. मग आमच्यासारख्यांनी कुठलं घ्यावं? नवरा-बायको, दोन मुलं आणि सासू-सासरे.

सहा जणांना व्हेनेशियनच्या दोन स्वीट घेण्यापेक्षा इलारासारखा दोन बेडरूमचा फ्लॅट बरा. सासूबाई पहाटे पाचला उठतात, मुलं नऊला. मधे दार नसेल तर पहाटे पाचला सगळेच उठतात.

दोघंच असाल आणि दिवसभर बाहेर भटकून फक्त झोपायला येणार असाल, तर स्वीटवर पैसे घालवू नका असंच आम्ही सांगतो. बेलाजिओसारख्या हॉटेलांतली साधी खोलीही चांगली प्रशस्त असते. स्वीटचे पैसे वसूल होतात ते दुपारच्या उन्हात खोलीत पडून राहणाऱ्यांचे, घरचं खाणाऱ्यांचे आणि लहान मुलं लवकर झोपवून पलीकडे गप्पा मारत बसणाऱ्यांचे. वेगासची हॉटेलं तुम्ही खोलीबाहेर राहावं याच हिशोबाने बांधलेली आहेत. त्यांचा हिशोब मोडायचा असेल तर स्वीट घ्या.

३. स्ट्रिपवरच राहायला हवं का?

पहिल्यांदा जात असाल तर हो. स्ट्रिप म्हणजे लास वेगास बुलेवार्डचा साधारण पावणेसात किलोमीटरचा पट्टा. गंमत म्हणजे तो बहुतांशी लास वेगास शहराच्या हद्दीत येतच नाही. क्लार्क काउंटीतल्या पॅरडाइज नावाच्या भागात येतो. त्यामुळे नकाशात 'लास वेगास डाउनटाउन' बघून हॉटेल घेतलंत तर बेलाजिओच्या प्रसिद्ध कारंज्यांपासून कित्येक किलोमीटर लांब फ्रीमॉन्ट स्ट्रीटला पोहोचाल.

स्ट्रिपपासून जरा बाजूला, कन्व्हेन्शन सेंटरच्या आसपास, एम्बसी स्वीट्स किंवा रेसिडेन्स इन अशी साखळी हॉटेलं आहेत. झगमगाट नाही, पण नाश्ता दरातच धरलेला असतो. गाडी असेल तर उत्तम. नसेल तर रोजच्या उबरमध्ये वाचलेले पैसे परत जातात.

४. साइटवर १५० डॉलर दिसतात आणि शेवटी बिल इतकं कसं फुगतं?

रिसॉर्ट फी आणि खोलीवरचा कर. रिसॉर्ट फी दर रात्रीची असते, स्ट्रिपवर साधारण ३५ ते ५५ डॉलरच्या घरात. वायफाय, जिम, पूल, स्थानिक फोन यांच्या नावाखाली ती घेतात. त्यावर कर स्ट्रिपवर सुमारे १३.३८ टक्के, आणि तो खोलीचं भाडं आणि रिसॉर्ट फी दोन्हींवर लागतो.

उदाहरण घ्या. खोली १५०, रिसॉर्ट फी ५०, मिळून २००. त्यावर कर धरून सुमारे २२७ डॉलर. म्हणजे नुसत्या भाड्यापेक्षा निम्म्याहून जास्त वर. शिवाय कार्ड भारतीय बँकेचं असेल तर परकीय चलनाचा मार्कअप वेगळा.

१२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला. त्यामुळे रिसॉर्ट फीसारखी सक्तीची शुल्कं धरूनच दर दाखवावा लागतो. सरकारी कर मात्र शेवटच्या पानावर वाढवता येतो. त्यामुळे आजही दोन हॉटेलांची तुलना करायची तर पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पडद्यावरचा आकडा धरा.

५. आम्ही पूल वापरणार नाही, जिमला जाणार नाही. रिसॉर्ट फी माफ होते का?

नाही. काउंटरवर वाद घालून काहीही होत नाही, उगाच मागची रांग तापते. सुटकेच्या मुख्य वाटा दोन. हिल्टन किंवा हयातचे पॉइंट असतील तर पूर्ण पॉइंटांवर घेतलेल्या रात्रींना या साखळ्या रिसॉर्ट फी लावत नाहीत. दुसरी वाट सिग्नेचरसारख्या इमारतींची. तिथले स्वीट वेगवेगळ्या मालकांचे आहेत, त्यामुळे काही मालक ते थेट भाड्याने देतात आणि बऱ्याचदा रिसॉर्ट फी घेत नाहीत. मात्र तेव्हा सफाई शुल्क लागतं, आणि काही बिनसलं तर हॉटेलचा काउंटर हात वर करतो. रद्द करायच्या अटी दोनदा वाचा.

६. स्वस्त कधी मिळतं?

रविवार ते गुरुवार. शुक्रवार-शनिवारचा दर सहज दुप्पट-तिप्पट होतो, कारण लॉस एंजेलिसचं अर्धं गाव शनिवार-रविवारसाठी येतं. पण 'मधला वार म्हणजे स्वस्त' हा नियम मोठ्या प्रदर्शनांच्या वेळी उलटतो. जानेवारीच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक्सचं सीईएस भरतं तेव्हा मंगळवारची साधी खोलीही परवडत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोटारींच्या सुट्या भागांचं सेमा असतं. २०२३ पासून नोव्हेंबरातच फॉर्म्युला वनची शर्यत थेट स्ट्रिपवर होते. त्यासाठी कित्येक आठवडे आधी रस्त्यावर कठडे आणि मांडव उभे राहतात, आणि फिरायला मजा येत नाही.

आमची आवडती वेळ म्हणजे नाताळच्या आधीचा आठवडा, साधारण १५ ते २२ डिसेंबर. थंडी असते, बरेच पूल बंद असतात, पण दर तळाला असतात आणि बेलाजिओची सजावट उभी असते. २६ डिसेंबरपासून ३१ पर्यंत मात्र विचारूच नका.

७. चेक-इनला काय लागतं? फॉरेक्स कार्ड चालेल का?

पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड. दोन्ही एकाच माणसाच्या नावाचं, आणि तो माणूस बहुतेक हॉटेलांत २१ वर्षांचा हवा. मुलाने कॅलिफोर्नियातून आई-बाबांसाठी बुकिंग केलं आणि तो स्वतः आलाच नाही, असं वरचेवर होतं. अशा वेळी आधीच फोन करून त्यांचं नाव बुकिंगवर घालून घ्या. मुलाचं कार्ड वापरायला परवानगीचा फॉर्म लागतो का तेही तेव्हाच विचारा.

खोलीचे पैसे आधी भरले असले तरी हॉटेल कार्डावर 'होल्ड' टाकतं, म्हणजे रक्कम अडवून ठेवतं. रात्रीमागे साधारण ५० ते १५० डॉलर. क्रेडिट कार्डावर त्याचा त्रास जाणवत नाही. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर मात्र खरेच पैसे अडकतात, आणि चेक-आउटनंतर सुटायला कित्येक दिवस लागतात. भारतीय बँकांच्या कार्डांना कधी दोन-तीन आठवडेही. चार दिवसांसाठी फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे पहिल्याच संध्याकाळी गोठले, तर पुढे जेवायचं कशावर?

८. आमचं विमान रात्री साडेबाराला उतरतंय. बुकिंग कुठल्या तारखेचं?

आदल्या तारखेचं. विमान १० तारखेला रात्री साडेबाराला, म्हणजे ९ ची रात्र संपल्यावर उतरत असेल, तर ९ पासून बुकिंग हवं. १० चं केलंत तर दुपारी तीनपर्यंत खोली मिळणार नाही. आणि ९ चं बुकिंग असेल तर हॉटेलला कळवा की उशिरा येतोय, नाहीतर आलाच नाहीत असं समजून पुढचं सगळं बुकिंग रद्द होऊ शकतं.

सकाळी लवकर पोहोचत असाल तर सामान बेल डेस्कवर, म्हणजे पाहुण्यांचं सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर, ठेवून फिरायला जा. लवकर खोली हवी तर बरीच हॉटेलं जादा पैसे घेऊन देतात.

९. पासपोर्टमध्ये वीस डॉलरची नोट ठेवली की मोठी खोली मिळते, हे खरं का?

युक्ती जुनी आहे आणि कधीकधी चालतेही. पण आता बरंच चेक-इन मोबाइलवर किंवा मशीनवर होतं, आणि मशीन नोट घेत नाही. माणूस समोर असेल तर नोट लपवून सरकवण्यापेक्षा 'कारंज्याच्या बाजूची किंवा कोपऱ्यातली खोली रिकामी आहे का' असं सरळ विचारा. मिळाली तर टिप द्या. मंगळवारी मिळण्याची शक्यता शनिवारपेक्षा कितीतरी जास्त. आणि ज्या खोलीवर आई-बाबांचा दिवस अवलंबून आहे ती नशिबावर सोडू नका, पैसे भरून ठरवा.

१०. खोलीत चहा करता येतो का? किटली असते का?

स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांत किटली, मायक्रोवेव्ह आणि कॉफीचं यंत्र बहुधा नसतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्या लॉजवर मिळणारी किटली इथे चारशे डॉलरच्या खोलीत नाही, याचा धक्का सगळ्यांना बसतो. कारण साधं आहे: कॉफीसाठी तुम्ही खाली उतरावं, आणि कॉफीच्या दुकानाची वाट कॅसिनोतून जाते.

घरून किटली आणू नका. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. दीड हजार वॅटची आपली किटली तिथे जेमतेम चारशे वॅट देते. पिन बदलणारा ॲडाप्टर लावला तरी पाणी उकळायला सुमारे चौपट वेळ. वॉलमार्ट किंवा टार्गेटमधून पंधरा-वीस डॉलरची किटली घ्या, आणि परत जाताना अमेरिकेतल्या मुलाकडे ठेवा. ती भारतात नेऊन २३० वर लावलीत तर जळेल. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर मात्र दोन्हीकडे चालतात, फक्त पिन बदला.

आणि हो, खोलीतला फ्रिज बघून दूध ठेवायला जाऊ नका. मोठ्या हॉटेलांत तो मिनीबार असतो, आणि त्यातल्या बाटल्यांखाली सेन्सर असतात. बाटली उचलून काही वेळ बाहेर ठेवली की न उघडताही बिलात चढते. स्वतःची वस्तू आत ठेवल्याबद्दलही काही हॉटेलं शुल्क लावतात. औषधासाठी फ्रिज हवा असेल तर वेगळा मागा आणि कारण सांगा. चुकून चढलेल्या पैशांसाठी प्रश्न २२ पाहा.

११. किचन असलेल्या स्वीटमध्ये पोहे-खिचडी करता येईल ना?

हो, पण आधी फोन करून विचारा की भांडी खोलीत आहेत की मागवावी लागतात. व्डारा-सिग्नेचर प्रकारात शेगडी असते, पण पातेलं आणि चमचे बऱ्याचदा मागवावे लागतात आणि त्यासाठी कधी पैसेही पडतात. इलारासारख्या बेडरूमवाल्या फ्लॅटमध्ये भांडी असतात. कुकर कुठेच नसतो.

वेगासच्या बहुतेक खोल्यांच्या खिडक्या उघडत नाहीत. मोहरी-हिंगाची फोडणी करपली की धुराचा अलार्म वाजतो आणि हिंगाचा वास पडद्यांत बसतो. घरून फोडणी करून डबीत आणणाऱ्या एका काकूंना आम्ही मनातल्या मनात दंडवत घातला आहे. तयार उपमा-पोह्यांची पाकिटं, थालीपीठ भाजणी, मेतकूट हे सगळं फारशा धुराशिवाय भागतं. भारतातून थेट येताना खाण्याची प्रत्येक वस्तू कस्टम्सच्या प्रश्नाला 'हो' म्हणून जाहीर करा.

उदबत्ती आणि कापूर खोलीत लावू नका, चतुर्थी असली तरी. धूम्रपानबंदीच्या खोलीत धूर आढळला की सफाईचे शेकडो डॉलर लागतात, आणि उदबत्तीचा धूर पवित्र आहे हे त्यांच्या फॉर्ममध्ये कुठे लिहिता येत नाही. बॅटरीची समई घ्या.

१२. शाकाहारी जेवणाचं काय?

अडत नाही. जवळपास प्रत्येक मोठ्या हॉटेलात इटालियन, मेक्सिकन किंवा थाई मिळतं, आणि भारतीय उपाहारगृहं स्ट्रिपपासून जरा पूर्वेला बरीच आहेत. विचारायची गोष्ट एकच: मेक्सिकन राजम्यात चरबी आणि थाई आमटीत माशांचा सॉस असतो का. बफेवर पैसे घालवायचे की नाही ते तुमच्या भुकेवर. कोळंबी आणि खेकडे न खाणाऱ्याला त्याच दरात बसवतात.

१३. गोव्यासारखं कॅसिनोत जायला तिकीट लागतं का? आणि मुलांना आत सोडतात का?

तिकीट नाही. पणजीला मांडवीतल्या बोटींवर प्रवेशाचे पैसे भरून चढावं लागतं, इथे मात्र कॅसिनो हीच हॉटेलची ओसरी आहे. चेक-इनचा काउंटर, लिफ्ट आणि उपाहारगृहं यांच्या मधे तोच पसरलेला असतो.

मुलं मोठ्यांबरोबर तिथून चालत जाऊ शकतात. थांबू शकत नाहीत. २१ च्या खालच्याने मशीनजवळ रेंगाळलं, आईच्या मांडीवर बसून बटण दाबलं की सुरक्षारक्षक लगेच येतो. १९ वर्षांचा कॉलेजातला मुलगाही यात आला. त्याला बारमध्येही बसता येत नाही. त्याशिवाय शुक्रवार-शनिवारी रात्री नऊनंतर १८ च्या आतल्यांना आईवडिलांशिवाय स्ट्रिपवर फिरायला मनाई आहे.

रोज दहा वेळा हा फेरा नको असेल तर बिनकॅसिनोचं हॉटेल घ्या (प्रश्न १).

१४. बाबांचे गुडघे दुखतात. फार चालावं लागतं का?

फार. इमारती एवढ्या अवाढव्य आहेत की समोर दिसणारं हॉटेल वीस मिनिटांवर असतं. मुख्य चौकांत रस्ता जमिनीवरून ओलांडता येत नाही, पुलावर चढून उतरावं लागतं. पुलांना लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण बंद असले तर पंचाईत. जानेवारी २०२४ पासून या पुलांवर थांबायला काउंटीने बंदी घातली आहे, त्यामुळे फोटोसाठी रेंगाळू नका.

हॉटेलच्या आतही पार्किंगपासून खोलीपर्यंत दहा-दहा मिनिटं जातात. चेक-इनच्या वेळी लिफ्टजवळची खोली मागा. व्हेनेशियनच्या मूळ रचनेत बैठक पलंगापेक्षा दोन-तीन पायऱ्या खाली आहे. रात्री बाथरूमला उठलेल्या माणसाला ती पायरी दिसत नाही. अपंगांसाठीच्या सपाट खोल्या असतात, त्या बुकिंगच्या वेळीच सांगून घ्या. बहुतेक हॉटेलांत व्हीलचेअर आणि बॅटरीची स्कूटर भाड्याने मिळते. बाबा 'मला कशाला' म्हणतील. तरी घ्या.

फुकट ट्राम दोन उपयोगाच्या: बेलाजिओ-एरिया-पार्क एमजीएम, आणि मँडले बे-लक्सर-एक्सकॅलिबर. पैसे भरायची मोनोरेल सहारापासून एमजीएम ग्रँडपर्यंत जाते, पण हॉटेलांच्या मागच्या अंगाने. स्टेशनपर्यंतच पुष्कळ चालावं लागतं. ड्यूस नावाची दुमजली बस चोवीस तास असते.

१५. विमानतळावरून हॉटेलला कसं जायचं?

हॅरी रीड विमानतळ स्ट्रिपला लागूनच आहे. २०२१ पर्यंत त्याचं नाव मॅकॅरन होतं, जुन्या लेखांत तेच दिसेल. टॅक्सीला स्ट्रिपसाठी विभागवार ठरलेला दर आहे, त्यामुळे चालक विमानतळाखालच्या भुयारातून लांबच्या रस्त्याने नेईल ही जुनी भीती आता उरली नाही. उबर-लिफ्टच्या गाड्या पार्किंगच्या इमारतीत मिळतात, पाट्या बघत जा. शहरात मात्र रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबत नाही, हॉटेलच्या दारातल्या रांगेतच घ्यावी लागते.

१६. लॉस एंजेलिसहून गाडीने येतोय. काही सूचना?

साधारण ४३५ किलोमीटर, आय-१५ ने चार ते पाच तास. शुक्रवारी संध्याकाळी जाताना आणि रविवारी दुपारी परतताना मात्र सात-आठ तास धरा. सोमवारी सकाळी निघालात तर रस्ताही मोकळा आणि रविवारची रात्रही स्वस्त. पार्किंगचे बऱ्याच हॉटेलांत रोज वेगळे पैसे पडतात, ते रिसॉर्ट फीमध्ये धरलेले नसतात.

१७. मे-जूनमध्ये खूप उकडतं का?

मे सुसह्य, जूनच्या मध्यापासून चाळीसच्या वर. ७ जुलै २०२४ रोजी इथे १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४९ सेल्सिअस, असा आजवरचा उच्चांक नोंदला गेला. नागपूर-चंद्रपूरकरांना आकडा ओळखीचा वाटेल, पण इथली हवा इतकी कोरडी की घाम येतोय हे कळतच नाही आणि दुपारी डोकं धरतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, लेक मीडमधून येतं, फक्त जड लागतं. खोलीतल्या सीलबंद बाटलीला हात लावायच्या आधी तिच्या गळ्यातली किमतीची चिठ्ठी वाचा.

व्डाराची एक गोष्ट खरी आहे: २०१० साली तिथे पूलवर बसलेल्या एका पाहुण्याचे केस होरपळले आणि प्लास्टिकची पिशवी वितळली. इमारतीची दर्शनी बाजू वाटीसारखी वळलेली आहे, आणि तिच्या काचा ऊन एका ठिकाणी गोळा करत होत्या. नंतर हॉटेलने पूलवर सावलीची सोय केली.

१८. 'डू नॉट डिस्टर्ब' लावलेलं असूनही दुसऱ्या दिवशी माणूस खोलीत का आला?

१ ऑक्टोबर २०१७ मुळे. त्या रात्री मँडले बेच्या ३२ व्या मजल्यावरच्या स्वीटमधून एका पाहुण्याने समोरच्या संगीत महोत्सवावर गोळीबार केला. ६० माणसं गेली. त्याने कित्येक दिवसांत बॅगा भरभरून बंदुका वर आणल्या होत्या. त्यानंतर वेगासमधल्या हॉटेलांनी नियम बदलले. दारावर पाटी असली तरी ठरावीक काळाने, कुठे २४ तासांनी तर कुठे ४८, कर्मचारी किंवा सुरक्षारक्षक खोलीत डोकावतो. ते आधी दार वाजवतात, ओळखपत्र दाखवतात. शंका आली तर दार न उघडता काउंटरला फोन करून खात्री करा. सोवळ्यातली पूजा किंवा बाळाची झोप असेल तर सकाळीच फोन करून त्यांना वेळ सांगा, बहुतेक ऐकतात.

१९. टिप किती आणि कुणाला?

खोली साफ करणाऱ्यांना दिवसाला दोन ते पाच डॉलर, रोजच्या रोज उशीवर ठेवा, कारण माणसं बदलतात. बॅगा वर आणणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन. गाडी आणून देणाऱ्याला दोन ते पाच. खोलीत जेवण मागवलं तर बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, बघूनच वर द्या. निघताना एक-एक डॉलरच्या नोटांची गड्डी करून घ्या.

२०. रस्त्यावर एक जण फुकट शोची तिकिटं देतोय. घ्यावीत का?

तो टाइमशेअर विकतोय. तिकिटं खरी असतात, पण बदल्यात दोन तास म्हणून सुरू होणारं आणि चार तास चालणारं भाषण ऐकावं लागतं. जोडप्याने मिळून यायची अट असते. शेवटी तिसरा 'साहेब' येतो आणि दर निम्म्यावर आणतो. 'घरी जाऊन विचार करतो' चालत नाही, 'आजच' असं दडपण आणतात. नकार द्यायला संकोचणाऱ्यांनी जाऊच नये. आपल्याकडची बहुतेक ज्येष्ठ मंडळी यातच मोडतात.

सही करून बसलाच असाल तर नेवाडाच्या कायद्याने सहीनंतर पाचव्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत करार रद्द करता येतो. लेखीच, करारात दिलेल्या पद्धतीने, पोच घेऊन. सुट्टीचे दिवसही मोजले जातात.

२१. आईला स्लॉट मशीनवर मोठा जॅकपॉट लागला तर कर किती? मुलाच्या नावावर घेता येईल का?

पर्यटक व्हिसावर आलेल्या भारतीयाला करासाठी 'अनिवासी परदेशी' धरतात, आणि स्लॉटच्या मोठ्या जॅकपॉटवर जागेवरच ३० टक्के कापून फॉर्म १०४२-एस (कापलेल्या कराची नोंद) देतात. कापणी सुरू होण्याची मर्यादा कित्येक वर्षं १,२०० डॉलर होती, २०२६ पासून ती वाढली. काही देशांच्या नागरिकांना करारामुळे सूट मिळते, भारत त्यांत नाही. हरलेले पैसेही त्यातून वजा करता येत नाहीत. ब्लॅकजॅक, बॅकारा, क्रॅप्स आणि रूलेट यांवर अनिवासींना हा कर नाही, पण आई बहुधा मशीनवरच बसलेली असते.

मुलगा एच-१बी वर असेल आणि करापुरता रहिवासी असेल तर त्याचा हिशोब वेगळा, त्याला डब्ल्यू-२जी (रहिवाशांसाठीचा जिंकलेल्या रकमेचा फॉर्म) मिळतो. म्हणून 'मीच खेळत होतो' म्हणायचा मोह होतो. करू नका. ज्याने बटण दाबलं त्याचा जॅकपॉट, आणि छतावरचा कॅमेरा कुणाचं बोट होतं ते दाखवतो. खोटी सही हा गुन्हा आहे, आणि व्हिसावरच्या माणसाला तो फार महाग पडतो.

तेच गांजाचं. नेवाडात २०१७ पासून २१ वर्षांवरच्यांना विकत घेता येतो, दुकानांच्या पाट्या सगळीकडे दिसतात. पण केंद्राच्या कायद्याने तो बेकायदाच आहे, आणि ग्रीन कार्ड किंवा व्हिसावरच्या माणसाने घेतल्याचं नुसतं कबूल केलं तरी पुढे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. बहुतेक हॉटेलांच्या खोल्यांत तर कुणालाच परवानगी नाही.

२२. हॉटेल सोडून चार दिवस झाले आणि कार्डावर आणखी पैसे कापले गेले. काय करू?

आधी बघा की ते 'होल्ड' आहे की खरी वजावट (प्रश्न ७). 'पेंडिंग' दिसत असेल तर थांबा, आपोआप सुटेल.

खरी वजावट असेल तर बहुधा मिनीबार, सफाई किंवा उशिरा चेक-आउट यांपैकी एक असतं. हॉटेलकडून ई-मेलवर तपशीलवार बिल मागवा, त्याला 'फोलिओ' म्हणतात. मिनीबारची नोंद चुकीची असेल तर फोनवर सांगितलं तरी बहुतेक वेळा लगेच काढून टाकतात, त्यांनाही सेन्सरचा घोळ माहीत असतो. सफाईच्या शुल्कासाठी खोलीचे फोटो मागा. निघायच्या सकाळी तुम्ही स्वतः फ्रिज, गालिचा आणि न्हाणीघर यांचा मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवला असेल तर वाद तिथेच मिटतो. त्यानंतरही ऐकलं नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करा, फोलिओ आणि व्हिडिओ जोडून. त्याला मुदत असते, त्यामुळे भारतात परत जाऊन सावकाश बघू असं करू नका.